तिसरी रात्र

मुळं तीन रात्री पाण्यात निजली पाहिजेत.
आई म्हणायची, पहिल्या रात्री ती रुसतात,
दुसऱ्या रात्री कुजकं बोलतात,
तिसऱ्या रात्री मऊ पडतात
आणि मग कुणाचं वाईट चिंतत नाहीत.

त्या वर्षी ओहोळ घोट्यालाही लागेना.
शिवाय किन्शासाचा ट्रक.
तो दर गुरुवारी यायचा, पोती मोजायचा,
रात्री मोजत नव्हता.
आईनं एक रात्र कापली.
मग दुसरी.
एकट्या तिनं नाही, आख्ख्या काहेम्बानं कापल्या.

लुकू पांढरं स्वच्छ दिसायचं. थोडं कडू लागायचं,
पण भुकेल्या जिभेला कडू-गोड कोण विचारतं?
जेवल्यावर डोकं गरगरायचं.
आई म्हणे, जड अन्न आहे, पडा जरा.

आम्ही जुळ्या. न्सिम्बा आधी आलेली,
मी न्झुझी, तिच्या मागून.
एकाच वाडग्यात बोटं घालून
एकमेकींचा घास ढापत आम्ही नऊ वर्षांच्या झालो.

एका पहाटे न्सिम्बा पाण्याला म्हणून उठली
आणि उभी राहीना.
रात्री उडी मारून निजलेली पोर,
सकाळी तिचे गुडघे आतल्या आत
कुणीतरी एकमेकांना बांधून ठेवलेले.
चवड्यांवर चढली, पावलं कातरीसारखी ओलांडली,
दाराशी पडली.
ताप नाही. जखम नाही.
डोकं लख्ख, मला शिव्या देत होती.

आमच्या भाषेत या दुखण्याला कोन्झो म्हणतात.
म्हणजे बांधलेले पाय.
मग काका म्हणाले, बांधले कुणी ते शोधा.
सगळ्यांनी मासेकाच्या झोपडीकडे पाहिलं,
तिला मूलबाळ नव्हतं, एवढंच कारण.
ती आपलं पातेलं डोक्यावर घेऊन
अंगोलाच्या वाटेला लागली.
तिला हाक मारायला कुणी गेलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी लुकोकी नर्स आला,
मोटरसायकलवर, खोक्यात पिवळ्या कागदाच्या पट्ट्या.
आमचं पीठ बाटलीत कोंडलं, वर पट्टी टांगली.
दुसऱ्या दिवशी पट्टी विटकरी.
तो म्हणाला, हे विष गळा दाबत नाही.
हवा आत येते, रक्त ती घरोघर पोचवतं,
पण घरातली माणसं ती घेऊच शकत नाहीत,
दारात भरलेली घागर आणि आत तहान.
शरीर झुंजतं म्हणाला, रोज थोडं विष निकामी करून
लघवीतून काढून टाकतं,
पण झुंजायला गंधक लागतं त्याला.
गंधक शेंगांत असतं, मासळीत,
अळ्यांत असतं.
नुसत्या लुकूत नसतं.

अळ्यांत?
मी पुन्हा विचारलं. तो हो म्हणाला
आणि दुसरी पट्टी कापायला लागला.

त्या दुष्काळात मी किआला म्हाताऱ्याची लाकडं वाहायची.
तो मजुरीत मूठभर भाजलेल्या अळ्या द्यायचा.
चर्चच्या मागे उभी राहून खायची मी,
दातांतली टरफलं काडीनं काढून,
हात मातीला घासून मग घरी.
न्सिम्बा एकदा माझी बोटं हुंगून म्हणाली, धुराचा वास येतोय.
मी म्हटलं, लाकडांचा.

आता मुळांची राखण न्सिम्बा करते.
काठी आडवी टाकून डबक्याशी बसते,
तीन गाठी पडल्याशिवाय दोरी सोडत नाही,
ट्रकवाल्यांनाही नाही.
पीठसुद्धा ओलवून, पातळ पसरून
दोन तास उन्हात ठेवायला लावते,
पोरींना दरडावते.

पावसाळ्यात अळ्या पडल्या की
तीच भाजते, मीठ लावते,
आणि पहिली मूठ माझ्याकडे सरकवते.
घे, म्हणते.
तुला लहानपणापासून आवडतात.